अळंबी मागायला गेलो आणि आत्या सापडली

मला बायपोलर हा मनाचा आजार आहे. पहिल्याच ओळीत सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याला मी काय लपवतोय याचा शोध घेत बसावं लागणार नाही. हे लिहू नकोस असं मला बऱ्याच जणांनी सांगितलं. त्यातले बहुतेक माझ्या रक्ताचे आहेत. म्हणूनच लिहितोय.

मी कळवण तालुक्यातल्या एका खेड्यातला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. आमच्या शाळेचं छप्पर जिथं गळायचं तिथला बाक उचलून दुसरीकडं ठेवत आम्ही शिकलो. ज्या सरांनी मला नाशिकच्या वसतिगृहात आणून सोडलं, त्यांचे उपकार फिटणारे नाहीत. रसायनशास्त्रात बी.एस्सी. झालो. परदेशी जाणाऱ्या द्राक्षांवर फवारणीचा अंश राहिलाय का, हे तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत नोकरी लागली. लग्न झालं, वैशाली आली, पाथर्डी फाट्याला बिऱ्हाड केलं. सगळं मार्गी लागलं होतं. आणि मग मी उठेनासा झालो.

निदानाचा दिवस

उठेनासा म्हणजे अक्षरशः उठेनासा. दात घासायचे की नाहीत, हे ठरवण्यातच सकाळ निघून जायची. एकदा पार्किंगमध्ये स्कूटरला किल्ली लावून तसाच बसलो होतो. शेजारच्या काकूंनी वैशालीला खाली बोलावलं.

"अहो, काय दुखतंय?" तिनं विचारलं.

"काहीच नाही."

"मग रडताय कशाला?"

मला माहीतच नव्हतं की मी रडतोय.

मानसोपचार डॉक्टरांकडे गेलो त्या दिवशी गावाहून नानाही आले होते. नाना म्हणजे माझे वडील. गळ्यात तुळशीची माळ, डोक्यावर पांढरी टोपी. बाहेरच्या खोलीत बसल्या बसल्या त्यांचा जीव वरखाली होत होता. "इथं बसलेलं कुणी पाहिलं तर गं सूनबाई?"

"नाना, जो पाहील तोपण इथंच बसलेला असेल ना," वैशाली म्हणाली.

आत डॉक्टर मॅडमनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "घरात आधी कुणाला मानसिक आजार? आई-वडील, काका, आत्या?"

माझ्या आधी नाना बोलले. "नाय हो मॅडम. माळकरी घर आमचं. सुपारीचं खांड नाय कुणाला."

मीही मान हलवली. आम्ही दोघंही खोटं बोललो नव्हतो. आम्हाला जे माहीत होतं, तेच सांगितलं होतं. मॅडमनी नैराश्य असं निदान केलं आणि गोळ्या सुरू झाल्या.

वॉर्डातले दिवस

पहिल्या गोळीनं काही फरक पडला नाही. दुसरी बदलून दिली, आणि एक आठवडा मी असा काही उठलो की विचारू नका. झोप लागेना, तरी थकवा नाही. पोटमाळा आवरला, खिडक्यांचे गज रंगवले, साहेबांना प्रयोगशाळा कशी चालवावी यावर मोठंच्या मोठं भाषण दिलं. वैशालीला म्हणालो, "बघ, औषध लागू पडलं." तीही हसली. मग एका सकाळी सगळं विझलं, आणि या वेळी मी पहिल्यापेक्षा खोल गेलो. जगण्यात अर्थ नाही असं नुसतं वाटत नव्हतं. तो विचार पाहुण्यासारखा घरात येऊन बसला होता आणि उठायचं नाव घेत नव्हता. वैशालीनं ते ओळखलं आणि मला ॲडमिट केलं. माझा जीव वाचवणाऱ्यांत तिचं नाव पहिलं.

वॉर्डात पट्टा काढून घेतात, बुटांच्या नाड्या काढून घेतात. गोळी दिली की सिस्टर म्हणतात, "तोंड उघडा. जीभ वर करा." शिकलेल्या माणसाला हे फार लागतं. मला लागलं. आता वाटतं, कुणीतरी माझ्या जिभेखाली बघण्याइतकी माझी काळजी करत होतं.

शेजारच्या खाटेवर एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर होते. वर्षानुवर्षं गोळ्या खाऊनही त्यांना पुरतं बरं वाटलं नव्हतं. ज्या दिवशी त्यांना जमायचं, त्या दिवशी ते खाटांमधून फिरत ओरडायचे, "चला, पुढं सरका, मधे जागा आहे! दिंडोरी, वणी, कळवण!" माझ्यापाशी थांबून म्हणायचे, "कळवणवाले, तुमचा स्टॉप लांब आहे. झोपा निवांत." कित्येक महिन्यांनी मी हसलो तो त्या माणसामुळे.

निखिलची ऑफर

घरी आलो तरी अंधार तसाच होता. तेव्हा निखिल भेटायला आला. निखिल माझा वसतिगृहातला खोलीसोबती. आता चांगल्या कंपनीत आहे.

"एक सांगतो, चिडू नको," तो म्हणाला. "मशरूम."

"भाजी?"

"भाजी नाही रे येड्या! वेगळी जात असते. खाल्ली की काही तास डोक्यातल्या सगळ्या भिंती पडतात. मी घेतलीय. बापाविषयीचा राग कुठल्या कुठं गेला. तुझ्यासारख्यांसाठीच आहे ते, गोळ्या लागू न पडणाऱ्यांसाठी."

मी हसण्यावारी नेलं नाही. बुडणाऱ्याला कुणी काहीही पुढं केलं तरी तो हात पुढं करतो. फोनवर वाचायला लागलो. शब्दार्थ बघत बघत, माझं इंग्रजी चालेल तितकं वाचलं. निखिल थापा मारत नव्हता. परदेशातल्या मोठ्या विद्यापीठांत या अळंबीतल्या द्रव्यावर खरोखर अभ्यास चाललेत, आणि वर्षानुवर्षांच्या नैराश्यातून काही माणसांना त्यानं उजेड दिसलाय. आपल्याकडे मात्र कायद्यानं त्यावर बंदी आहे.

तरी निखिलच्या ओळखीनं त्र्यंबक रस्त्याकडच्या एका फार्महाउसवर ती अळंबी खायला द्यायची गुपचूप 'बैठक' होती. ती घेणाऱ्याला सगळे गुरुभाई म्हणायचे. त्यांच्याशी फोनवर बोललो. आवाज मधासारखा.

"गोळ्या बंद करा आणि पुढच्या महिन्यातल्या बैठकीला या. गोळ्या तुम्हाला झोपवतात. ही जागं करते."

एवढं सगळं सांगून त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. जेवण व्हेज की नॉनव्हेज?

नानांची भाजी

हे बोलणं तेव्हा घरी आलेल्या नानांनी अर्धवट ऐकलं. आमच्या माळकरी घरात अळंबी मटणासारखीच वर्ज्य. रानात उगवलेली दिसली तरी आई वाट बदलायची. पुढच्या खेपेला नाना आले ते पिशवीत बाजारातल्या धिंगरी अळंबीचं पुडकं घेऊन. बोटाच्या टोकानं धरून ते त्यांनी वैशालीकडं दिलं.

"कर ह्याची भाजी. त्याला बरं वाटतं म्हणं."

"नाना, ही ती नव्हे," मी म्हणालो.

"नसंल. पण भावकी तर एकच ना?"

भाजी शिजत होती तोवर नाना गॅलरीत, रस्त्याकडं तोंड करून उभे होते. ज्या माणसानं आयुष्यभर कांद्याच्या पातीलाही एकादशीला हात लावला नाही, त्यानं मुलासाठी हे घरात आणलं. मला भूक नव्हती. तरी सगळी भाजी खाल्ली, पातेलं पुसून खाल्ली.

मॅडमचा दुसरा प्रश्न

गोळ्या बंद करण्याआधी मी मॅडमना सांगायचं ठरवलं. त्याचं कारण माझं काम. आमच्याकडे द्राक्षाचा नमुना कुठल्या बागेतून आला, आधी काय फवारलं, हे ठाऊक नसेल तर आम्ही तो मशीनला लावत नाही. साहेब ओरडू देत, बागेचा मालक रडू दे. गुरुभाईंनी मला तसाच मशीनला लावायचं ठरवलं होतं, न विचारता. ते डोक्यात टोचत राहिलं.

मॅडम रागावतील असं वाटलं होतं. रागावल्या नाहीत.

"अभ्यास खरे आहेत," त्या म्हणाल्या. "मीही वाचते. उद्या त्यातून चांगलं औषध निघालं तर मला आनंदच होईल. पण तिथं मोजून देतात, जाणकार माणसं शेवटपर्यंत शेजारी बसून राहतात. आणि मुख्य म्हणजे सगळ्यांना घेत नाहीत. घरात कुणाचं भान सुटलेलं असेल, कुणी आठवडेच्या आठवडे न झोपता उधळलेलं असेल, तर त्याला सहसा नाही म्हणतात. अशा माणसाला ती अळंबी उचलून कुठल्या कुठं फेकू शकते. तुमच्याकडे तसं कुणी नाही, असं पहिल्या दिवशी सांगितलं होतंत."

मी हो म्हणणार होतो. आणि तोंड उघडंच राहिलं.

"मॅडम, देवी अंगात येणं यात धरतात का?"

त्यांनी पेन खाली ठेवलं.

"नेहमी नाही. कितीतरी बायकांच्या अंगात येतं. घटकाभरानं देवी जाते आणि बाई उठून भाकरी थापायला लागते. त्याला मी आजार म्हणणार नाही. तुमच्याकडे कुणाच्या अंगात येते?"

"आत्याच्या."

"मग मला सांगा, तुमच्या आत्याची देवी किती दिवस थांबायची?"

मला सांगता आलं नाही. लहानपणी देवी आली की आम्हा पोरांना मामाकडे पाठवून द्यायचे. परत आलो की आत्या आतल्या खोलीत निजलेली असायची, बराच काळ. आम्ही कधी जोडून पाहिलंच नव्हतं.

"तुझ्याकडं डिग्री हाय"

नानांना आत्याविषयी विचारलं तर ते ताडकन उठले. "आक्काला येडी ठरवतोस? शिकवलं ते ह्यासाठी?"

"नाना, मला फक्त विचारायचंय."

"तुला काय ठाव! नवऱ्यानं टाकलेली बाई. माहेरात परत आली तेव्हा ओट्यावरसुद्धा कुणी बसू दिलं नसतं. देवीनं तिला उभं केलं. आज दर मंगळवारी सारा गाव तिच्या पाया पडतो. ते तू काढून घेतलंस तर तिच्याकडं काय उरतं?"

"आणि माझ्याकडं काय उरतं, नाना?"

"तुझ्याकडं डिग्री हाय."

 नानांचं चुकत होतं असं म्हणवत नाही. पण बैठकीचा दिवस जवळ आला होता. गुरुभाईंचा निरोप येऊन पडला होता, गोळ्या सोडल्या का? एकीकडं न विचारता औषध देणारा माणूस, दुसरीकडं विचारलं तर न सांगणारा बाप, आणि मधे मी. अंथरुणावर पडून भिंतीकडं बघत बसलो.

वैशालीनं कुणालाही न विचारता फोन लावला. मी ऐकत होतो. "आत्या, यांना फार बरं नाही. तुमच्याशिवाय कुणाला माहीत नाही अशी गोष्ट आहे. येता का?"

आक्का

दुसऱ्याच दिवशी आत्या कळवणच्या गाडीनं नाशिकच्या सीबीएस स्टँडवर उतरली. कपाळभर कुंकू, हातात हिरवा चुडा, पिशवीत नारळ. मला बघून तिनं गालावरून हात फिरवला. "काय व्हयनं रे तुले, भाऊ?" आमच्याकडची अहिराणी. कुणीतरी माझ्याशी लहानपणीच्या भाषेत बोललं, आणि स्टँडवरच मला भरून आलं.

नाना मागून आले, तिला परत न्यायला. "आक्का, काय बोलायची गरज नाय," ते दवाखान्यापर्यंत वाटभर सांगत होते. ती नुसती पुढं चालत होती.

मॅडमनी तिला आधी पाणी दिलं. मग देवीबद्दल विचारलं, आदरानं.

"देवी यायची का नाय ते तिलाच ठाव, बाई," आत्या म्हणाली. "मी कोण सांगणार? पण ती गेल्यावर माझं काय व्हायचं, ते इतक्या वर्षांत कुणी इचारलंच नाय. पाया पडून गेली सारी."

आणि ती सांगत गेली. झोप उडायची. जात्यावर सगळं दाणं दळून काढायची, अंगणात गाणी म्हणायची, घरातली भांडी येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटून टाकायची, अनवाणी देवीच्या गडावर निघायची. "लय हलकं वाटायचं बाई. वाऱ्यासारखं. मग एक दिवस सारं जड. तोंड भिंतीकडं. भाकर दाराशी वाळून जायची. मरण येत नाय म्हणून रडायची."

 मग नाना बोलले, टोपी हातात घेऊन, जमिनीकडं बघत.

"तेव्हा आम्ही म्हणायचो, देवी गडावर गेली."

उठून उधळली तेव्हाही देवी, आडवी पडली तेव्हाही देवीच. आमच्या अख्ख्या घरानं एका आजाराच्या दोन्ही टोकांना नाव देऊन ठेवलं होतं आणि आजार तेवढा बिननावाचा ठेवला होता.

मॅडम माझ्याकडं वळल्या. "तुमच्या बाबतीत कधी असा हलका, वाऱ्यासारखा आठवडा?"

मी नाही म्हणायच्या आत वैशाली म्हणाली, "अहो, पोटमाळा."

तो आठवडा मी त्यांना कधी सांगितलाच नव्हता. चांगल्या दिवसांची तक्रार डॉक्टरकडे कोण करतं?

त्या दिवशी माझ्या आजाराचं नाव नैराश्याचं बायपोलर झालं आणि औषधही बदललं. बैठकीला मी गेलो नाही.

जिना उतरताना नाना आत्याला म्हणाले, "आक्का, आता गावात कळलं तर?"

"कळू दे. देवी माझी हाय, रोगबी माझाच हाय. दोन्ही मीच पोसले. तू कशाला घाबरतोस?"

जे मला सांगायचंय

नवीन औषध हळूहळू लागू पडलं. उजेड एकदम पडला नाही. आधी चहाची चव आली, मग वर्तमानपत्राचं एक पान वाचून झालं, मग एक दिवस वैशालीशी भांडण झालं आणि आम्हा दोघांना फार बरं वाटलं. हात थोडा थरथरतो, तहान लागते. वरचेवर रक्त तपासून घ्यावं लागतं. कामावर परत गेलो. साहेबांना खरं सांगितलं. ते म्हणाले, "ठीक आहे, पण त्या दिवशीच्या भाषणातले दोन मुद्दे बरोबर होते."

गुरुभाईंचा शेवटचा निरोप असा होता: तुमची भीती हाच तुमचा आजार आहे. त्यांना इथं उत्तर देतो. भीतीपोटी नव्हे, घरच्यांना विचारलं म्हणून आलो नाही. तुम्ही माझ्या घरच्यांचं काहीही न विचारता मला गोळ्या सोडायला सांगत होतात. अंगारे देणारेही विचारत नाहीत. तुमच्यात आणि त्यांच्यात मला फक्त फार्महाउसचा फरक दिसला.

निखिल काही दिवस रुसला होता. "तुला अळंबीच्या विरुद्ध लिहायचंय," म्हणाला. नाही. मला उलट लिहायचंय. त्या कंडक्टरसाहेबांसारखी कितीतरी माणसं इथल्या वॉर्डांत पडून आहेत, ज्यांना आजवरचं कुठलंच औषध पुरं पडलं नाही. त्या अळंबीत काही असेल तर ते उजेडात यावं, आमच्या दवाखान्यात यावं, जाणत्या डॉक्टरांच्या हातून यावं. परदेशातल्या माणसांवर तपासून थांबू नये, कळवण-सुरगाण्याच्या माणसांनाही त्यात धरावं. मला घेणार नाहीत, ठाऊक आहे. चालेल. पण ज्यांना घ्याल त्यांना आमच्या भाषेत विचारा. 'मानसिक आजार' विचाराल तर आम्ही नाहीच म्हणू, आणि खरं तेच सांगतोय असं समजून म्हणू. देवी किती दिवस थांबते, ते विचारा.

आणि तुम्ही, जे गोळ्या उशीखाली लपवून हे वाचताय: त्या स्वतःच्या मनानं सोडू नका, कुणी कितीही गोड बोललं तरी. डॉक्टरांना वाईट दिवसांइतकेच ते फार चांगले दिवसही सांगा. आणि घरातल्या ज्या माणसाविषयी बोलताना सगळे आवाज बारीक करतात, त्याच्याजवळ एकदा जाऊन बसा.

माझा चुलतभाऊ म्हणतो, घरात पोरी आहेत, उद्या त्यांची स्थळं मोडतील. मोडू देत. लपवून जोडलेल्या घरात त्या पोरी आजारी पडल्या तर त्यांना कोण कुठं नेणार? माझ्या आत्याला कुणी नेलं होतं?

मंगळवार

मागच्या महिन्यात गावी गेलो होतो. आत्यानं गोळ्या घेतलेल्या नाहीत. "आता म्हातारपणी ती येतबी नाय फारशी," म्हणते. मंगळवारची गर्दी कमी झालेली नाही. नानांची भीती खोटी ठरली, आणि हे लिहिताना मी मोठ्यानं वाचतोय ते शेजारी बसून कान देऊन ऐकतायत.

त्या मंगळवारी एक बाई सुनेला घेऊन आली होती. पोर चोविशीतली असेल. डोळे लखलखलेले, ओठ सारखे हलत होते, हातातल्या बांगड्या काढून शेजारणीला देत होती.

आत्यानं तिला कुंकू लावलं, ओटी भरली. मग सासूला विचारलं, "झोपली का ही?"

"कुठं, आक्का! लय दिवस झाले. देवीच हाय ना हिच्या अंगात?"

"असंल," आत्या म्हणाली. "मग देवीला घेऊनच नाशिकच्या गाडीत बस. तिथं एक डॉक्टरीणबाई हाय."

सासूचा चेहरा पडला. ओट्यावरची माणसं कुजबुजायला लागली. आत्यानं माझ्याकडं बोट केलं. "हा माझा भाचा. बी.एस्सी. हाय. ह्याच्याबी अंगात यायची."

सगळे माझ्याकडं वळले. त्यांत माझे शाळासोबती होते, भावकी होती, चुलतभाऊ होता.

"हो," मी म्हणालो. "उद्या सकाळच्या गाडीनं चला. मी बरोबर येतो."